मदत हवी आहे: जुन्या झेड४चे शॉकअप आणि स्प्रिंगा बदलायच्या आहेत (गोवा)

मंडळी, नमस्कार.

मी शिवोलीला राहतो. माझ्याकडे २००५ची बीएमडब्ल्यू झेड४ आहे, ई८५ बॉडीची, अडीच लिटर पेट्रोल, कापडी छत. सेकंड हँड घेतलेली. तिचे शॉकअप संपलेत यात आता वाद नाही. मागच्या उजव्या शॉकअपवर तेल पाझरून तांबड्या मातीचा थर बसलाय, नखाने खरवडला की खाली ओलं लागतं. धुळीचं रबर फाटलंय. आतल्या बंप स्टॉपचा (शॉकअप पूर्ण दाबला गेला की धक्का झेलणारा तुकडा) फोम चिमटीत धरला की भुगा होऊन हातात येतो. पुढचे दोन्ही वरून कोरडे दिसतात, पण मडगार्डवर जोर देऊन सोडलं की गाडी लगेच स्थिरावत नाही, डुलत राहते. चोर्ला घाटाच्या वळणात मध्येच खड्डा आला की मागची बाजू सरकते आणि शेजारी बसलेलं माणूस गप्पा थांबवून दाराचं हँडल धरतं.

तेव्हा बदलायचं हे नक्की. काय बसवायचं, इथे घोडं अडलंय.

मित्राचं म्हणणं, आयबाकच्या बुटक्या स्प्रिंगा आणि बिल्स्टीन बी८ शॉकअप टाक. गाडी अडीच-तीन सेंटीमीटर खाली बसेल आणि फोटोत भारी दिसेल. फोटोत दिसेलच. पण घरापासून म्हापशापर्यंतचे गतिरोधक काही फोटोत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असायला हवा, २५च्या वेगाने आरामात जाता येईल असा. आमच्या वाड्यावरचा कुठल्या मापाचा आहे हे डांबर ओतणाऱ्यालाच ठाऊक. पुढच्या बंपरचा ओठ आत्ताच तिथे खरवडतो.

ओळखीच्या फिटरचा सल्ला वेगळा: आहे त्याच स्प्रिंगांचा एकेक वेढा काप, मध्ये रबरी बफर बसव, 'खर्च काहीच नाही'. हा मी ऐकून सोडून दिला. वेढा कापला की स्प्रिंग कडक होते, पण तिला आवरणारा शॉकअप होता तेवढाच ढिला राहतो. वर कापलेलं टोक आपल्या जागी नीट बसतही नाही. बफरने तर ज्या वेढ्यांमध्ये तो घुसतो त्यांचं काम जवळजवळ बंदच पडतं.

माझ्या मनात आहे ते असं: उंची कंपनीचीच ठेवायची, शॉकअप मात्र चांगले घ्यायचे. बिल्स्टीन बी६ की कोनीचे लाल? आणि स्प्रिंगाही बदलायच्या का? मोडलेल्या नाहीत, पण खारी हवा आणि इतके पावसाळे खाऊन खालच्या वेढ्याचा रंग उडालाय, गंज दिसतो. गाडी एकदा उघडलीच आहे तर सोबत आणखी काय उरकून घ्यावं तेही सांगा. पैसे आहेत, पण दोनदा मजुरी द्यायची नाही.

घाटवेडा (पुणे):
उंची ठेवताय हे उत्तम. बी८ मुळात बुटक्या स्प्रिंगांसाठीच आखूड केलेला असतो, कंपनीच्या उंचीला बी६च. दोन्ही मोनोट्यूब (एकाच नळीचे), गॅसचे, टिकाऊ. पण बी६ कडक आहे. गुळगुळीत हायवेवर मजा येते, फुटलेल्या डांबरावर दर खड्ड्याची पावती मिळते. कोनीच्या लाल शॉकअपमध्ये बारीक, भरभर येणाऱ्या हादऱ्यांना तेलाची वाट सैल करणारा वाल्व असतो. वळणात बॉडी सावकाश कलते तेव्हा तोच शॉकअप घट्ट राहतो. तुमच्या रस्त्यांना मी तेच घेईन. माझ्या ई४६वर (जुनी ३ सिरीज) आहेत, आणि तुमच्या गाडीचा सांगाडा तिचाच भाऊबंद.

स्प्रिंगा बदलाच. या पिढीत स्प्रिंग तुटते ती खालच्या वेढ्यातच, जिथे रबरी बैठकीत पाणी आणि माती साचून राहते. मोडलेला तुकडा कधी कधी बैठकीतच पडून असतो, कळतही नाही. तेव्हा आधी हात फिरवून बघा, मोडली नाही हे खरंच का ते. नव्या मागवताना चासी नंबर द्या, त्याच गाडीत इंजिन-गिअरबॉक्सप्रमाणे पार्ट नंबर वेगळे येतात.

मागचे वरचे माउंट (शॉकअप बॉडीला जोडणारे) हा या गाडीचा जुना आजार. मागे शॉकअप आणि स्प्रिंग वेगवेगळ्या जागी आहेत, शॉकअपचा सगळा मार तो छोटा रबरी माउंट आणि त्याच्या वरचा पत्रा खातो. जाडजूड मजबूत माउंट मिळतात, तेच घ्या. जुने काढल्यावर पत्र्याला चीर नाही ना, टॉर्च मारून बघा. पुढे माउंट, बंप स्टॉप, धुळीचं रबर नवीन. खालच्या आर्मचे बुशही (सांध्यातली रबरं) त्याच मजुरीत.

आणि एक गोष्ट फिटरच्या मागे उभं राहून करून घ्या: बुशमधून जाणारे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे कसायचे नाहीत. चाकांवर वजन आलं की मगच. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवे बुश लवकर फाटतात.

तांबडी माती (डिचोली):
टायर कुठले? रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) असतील तर निम्मी आदळआपट तिथूनच येतेय.

धागाकर्ता:
रनफ्लॅटच, २२५/४५ आर१७. बाजूवरचे चार आकडे बघितले. शेवटचे दोन १६, म्हणजे २०१६चे.

तांबडी माती:
मग पात्रांव, शॉकअपच्या आधी टायर! रनफ्लॅटच्या भिंती मुद्दाम कडक केलेल्या असतात, त्यात हे जुने होऊन दगड झालेले. साधे टायर घाला. या गाडीत स्टेपनीला जागाच नाही, तेव्हा पंक्चर किट आणि हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर डिकीत हवाच. बाकीचं काम चतुर्थीनंतर काढा. पावसात पेडण्याच्या रस्त्यावर नवं अलाइनमेंट टिकणार नाही.

घाटवेडा:
टायरला +१. थांबण्याला नाही. शॉकअप गेला की चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, उड्या मारतं, आणि ओल्या डांबरावर ते जास्त महागात पडतं. अलाइनमेंट पावसानंतर पुन्हा करता येतं.

धागाकर्ता:
आभार. घाटवेडांचं पटतंय, पावसाळ्यात गळक्या शॉकअपवर चोर्ला चढायची माझी तयारी नाही. तर साधे टायर आधी, मग कोनी लाल चारही, कंपनीच्या उंचीच्या स्प्रिंगा चासी नंबरवर, माउंट-बुश सगळे. बी६चा मोह सोडला.

अजून एक. दुपारच्या उन्हात हायवेवर स्टिअरिंग मध्यभागी जरासं चिकटतं, हलकाच झटका देऊन सुटतं. हेही सस्पेन्शनचंच का?

घाटवेडा:
नाही, ते वेगळं दुखणं. तुमच्या गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे, आणि उष्णतेत चिकटणं ही त्याची ठरलेली तक्रार. गडबड स्टिअरिंगच्या कॉलममध्ये (दांड्यात) असते. शॉकअप बदलून ते जाणार नाही, त्याच्यासाठी वेगळा धागा काढा.

धागाकर्ता:
काढतो. तोवर म्हापसा-पणजी पट्ट्यात कोणाकडे भिंतीला किंवा स्टँडला बसवलेला स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं यंत्र) असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. दोन हुकांचा सुटा कॉम्प्रेसर लावून पुढची स्प्रिंग दाबणाऱ्या गॅरेजात मला गाडी द्यायची नाही.