साडेचार मिनिटांचं गाणं लाइव्ह २० मिनिटांचं कसं?

कोथरूडकर: मामाच्या सदाशिव पेठेतल्या माळ्यावर डीप पर्पल या रॉक बँडच्या 'मेड इन जपान' या लाइव्ह अल्बमची कॅसेट सापडली. 'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं, इथे जवळजवळ २०! कॅसेट अडकली की काय म्हणून दोनदा काढून पाहिली. मुद्दाम लांबवतात का?

तबलजी: अडकली नाही रे. १९७२ साली ओसाका-टोकियोत रेकॉर्ड झालीय ती. सवाईला बसतोस ना? ७८ आरपीएमच्या तबकडीवर राग तीन-साडेतीन मिनिटांत उरकायचे, मैफलीत तोच तासभर. आणि डीप पर्पलच्या जॉन लॉर्डचा ऑर्गन एकदा सुटला की सुटला!

पेठेतली काकू: उलटंही होतं हं. क्वीन या रॉक बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' गाण्यातला ऑपेराचा भाग स्टुडिओत आवाजावर आवाज चढवून केलेला. स्टेजवर चौघांना तो कसा जमणार? टेप लावायचे आणि सगळे विंगेत! माझा भाऊ याला फसवणूक म्हणतो. मला उलट प्रामाणिकपणा वाटतो, ओठ हलवायचं नाटक तरी नाही.

कोथरूडकर: पटलं काकू. पण त्या २० मिनिटांत खालच्या आजोबांनी दोनदा बेल वाजवली. त्यांना सवाईचं उदाहरण देऊन बघू का?

तबलजी: आधी आवाज कमी कर.