४० मीटरचा घरी जोडलेला रिसीव्हर : घूंऽऽ, पटपट आणि सरकणारी फ्रिक्वेन्सी

सोल्डरवाला_सांगली
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत ४० मीटरचा (हॅम लोकांचा ७ मेगाहर्ट्झचा बँड) डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर (रेडिओ सिग्नलचा सरळ आवाज करणारा) जोडला, झिरो पीसीबीवर, एनई६१२ (मिक्सर आयसी) आणि पुढे एलएम३८६ (आवाज वाढवणारा आयसी), बस्स. ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग) ६१२ च्या आतलाच, कॉइल जुन्या आयएफटीच्या (रेडिओतला छोटा ट्रान्सफॉर्मर) फॉर्म्यावर गुंडाळली आणि गँग (ट्यूनिंगचा कॅपॅसिटर) पॉकेट रेडिओतला काढला. सप्लाय म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), ७८१२ (१२ व्होल्टचा रेग्युलेटर). सकाळी ७.१०० मेगाहर्ट्झच्या आसपास लोकांच्या गप्पा ऐकू येतात म्हणजे चालतोय, पण कान किटतात हो. एक तर सतत घूंऽऽ. दुसरं, व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर नेला की मोटारबोटीसारखं पट-पट-पट सुरू. आणि तिसरं म्हणजे कुणाचा आवाज नीट लावला की पाच मिनिटात तो बदकासारखा होतो, अर्ध्या तासात चक्क ४-५ किलोहर्ट्झ सरकतो, हात जवळ नेला तरी सूर बदलतो. ३८६ दोनदा बदलून झाला. कुठून सुरुवात करू?

तात्या_अँटेनावाले
आधी ३८६ बदलणं थांबवा, तो बिचारा निर्दोष आहे. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी लावा, आणि घरातला मेन स्विच पाच मिनिटं बंद करा (घरच्यांना विचारून, टीव्ही चालू असताना नको). मग ऐका आणि सांगा काय काय गेलं ते. माझ्याकडे तर लाईट गेली की बँड एकदम स्वच्छ होतो, शेजारच्या जिन्यातला एक एलईडी बल्ब एकटा एस-७ चा (सिग्नल मीटरवरचा बराच मोठा आकडा) गोंगाट करायचा.

पटपट_तज्ज्ञ
मोटारबोटीचं मी सांगतो, यात हात पोळलेत. आवाज वाढला की ३८६ करंट खेचतो, सप्लाय लचकतो, तो लचका ६१२ पर्यंत जातो आणि परत फिरून ३८६ मध्येच येतो, झाली बोट सुरू. ३८६ च्या ६ नंबर पिनशेजारीच ४७० मायक्रोफॅरड लावा, लांब वायरने नाही. पिन ७ पासून ग्राउंडला १० मायक्रो, हा बरेच जण विसरतात. पिन ५ पासून ग्राउंडला १० ओहम आणि ०.०४७ सिरीजमध्ये. ६१२ ला वेगळा ७८एल०५ (५ व्होल्टचा छोटा रेग्युलेटर) द्या, त्याच्या आधी १०० ओहम आणि १०० मायक्रो. ६१२ ला ८ व्होल्टच्या वर चालत नाही, सध्या किती देताय ते लिहिलंच नाही तुम्ही?? स्पीकरचं ग्राउंड थेट सप्लायच्या कॅपॅसिटरवर आणा, ६१२ च्या ग्राउंडवरून फिरवून नको.

डिजिटल_पोरगा
एसआय५३५१ (डिजिटल ऑसिलेटर आयसी) लावा ना दादा, ड्रिफ्टची (फ्रिक्वेन्सी सरकण्याची) कटकटच संपली.

तात्या_अँटेनावाले
लावता येईल की, पण मग ह्यांना कळणार कसं की काय सरकत होतं?

सोल्डरवाला_सांगली
६१२ ला ६.२ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज बांधून ठेवणारा डायोड) होता, तो काढून ७८एल०५ टाकला. पिन ७ खरंच मोकळी होती 🙈 पटपट बंद! बॅटरीवर घूं पण पूर्ण गेलं. पण मेन्सचा सप्लाय परत लावला की येतंय, आणि गंमत म्हणजे डायल फिरवला की कमीजास्त होतं. फिल्टर कॅपॅसिटर ४७०० चा केला तरी ढिम्म.

तात्या_अँटेनावाले
डायलबरोबर बदलतं ना, मग ते फिल्टरिंगचं घूं नाहीच. तुमच्या ऑसिलेटरचा सिग्नल मेन्सच्या वायरीत पसरतो, ब्रिजचे डायोड त्याला १०० हर्ट्झने चालूबंद करतात, आणि तोच अँटेनातून परत येतो. ब्रिजच्या चारही डायोडवर प्रत्येकी ०.०१ मायक्रोचा कॅपॅसिटर लावा, डीसीच्या दोन्ही वायरी मिळून फेराइट रिंगवर ८-१० वेढे द्या. नाहीतर सरळ बॅटरीवरच ऐका, मी तेच करतो.
आता ड्रिफ्ट. गरम इस्त्री (सोल्डरची हो!) प्रत्येक पार्टच्या जवळ न्या, टेकवू नका, ज्याच्याजवळ सूर पळतो तो चोर. बहुतेक दोघं निघतील: आयएफटीचा फेराइट स्लग (आतला फिरता गाभा) आणि साधे सिरॅमिक डिस्क कॅपॅसिटर. डिस्क एनपीओ (तापमानाने फारसे न बदलणारे) घ्या, डोक्यावर काळा ठिपका असतो. कॉइलला टी५०-६ ची पिवळी रिंग, ३० वेढ्यांत साधारण ३.६ मायक्रोहेन्री मिळतात, वेढे घट्ट, वर नेलपॉलिश. हे सगळं कॉपर क्लॅडच्या (तांब्याचा थर असलेला पीसीबी) डबीत बंद करा, हाताचा परिणाम जाईल.

सोल्डरवाला_सांगली
चोर सापडला, ४७० पीएफचा डिस्क! इस्त्री जवळ नेली तर २ किलोहर्ट्झ उडाला. टी५०-६ आमच्याकडे मिळाली नाही, पुण्याला पासोड्या विठोबापाशी जाणाऱ्या मित्राकडून मागवली. काल रात्री सगळं बसवलं, पहिली दहा मिनिटं सोडली तर तासाभरात ३००-४०० हर्ट्झच सरकला. गँगला सिरीजमध्ये २२ पीएफ टाकल्यावर डायलपण मऊ झाला. आता नवीनच भानगड, संध्याकाळी सातनंतर कुठलंतरी परदेशी ब्रॉडकास्ट डायलवर सगळीकडे मागे बोलत राहतं. हे काय आता?

पटपट_तज्ज्ञ
७.२ च्या वरची तगडी स्टेशनं, ६१२ ला झेपत नाहीत. अँटेनाला १ के चा पॉट लावून सिग्नल कमी करून बघा, आणि पुढे दोन कॉइलचा बँडपास (फक्त आपला बँड आत सोडणारा फिल्टर). आहे का सध्या काही फिल्टर?

सोल्डरवाला_सांगली
अँटेनाची वायर थेट ६१२ ला आहे 😅

तात्या_अँटेनावाले
अरे देवा. मित्राला परत पुण्याला पाठवा, अजून दोन रिंगा लागतील.