दुपारी लॅपटॉप चार्ज होत नाही, रात्री होतो. बॅटरी गेली की अडॅप्टर?

टीडीएसवाली (मानेवाडा) · २५ मे, रात्री १०:४०

नमस्कार. चार दिवसांपासून लॅपटॉपनं मेटाकुटीला आणलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी घरून अकाउंट्सचं काम करते. लहानमोठ्या अकरा दुकानदारांचे हिशेब माझ्याकडे आहेत आणि ३१ मे ही चौथ्या तिमाहीच्या टीडीएस (उगमस्थानी करकपात) रिटर्नची शेवटची तारीख.

लॅपटॉप चार वर्षांचा. बॅटरी आतली आहे, बाहेरून निघत नाही. अडॅप्टर मूळचाच, ६५ वॉटचा, गोल पिनचा. २१ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास पाहिलं तर अडॅप्टर लावलेला, त्याचा लाइटही सुरू, पण बॅटरी ६३ टक्क्यांवर अडकलेली. खाली ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असं येत होतं. साडेतीनला वादळ सुटलं, लाइन गेली आणि पस्तीस मिनिटांत लॅपटॉप बंद पडला. ६३ टक्के असताना! एका दुकानदाराच्या कपातीच्या अर्ध्या नोंदी गेल्या. त्या रात्री एक वाजेपर्यंत बसून पुन्हा भरल्या.

तेव्हापासून रोज हेच. दुपारी चार्ज होत नाही, रात्री जेवणानंतर लावला की सुरळीत १०० पर्यंत जातो. सॉकेट बदलून पाहिला. डिव्हाइस मॅनेजरमधून बॅटरीचा ड्रायव्हर काढून लॅपटॉप रिस्टार्ट केला. बंद करून, अडॅप्टर काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरलं. काही फरक नाही.

काल सकाळी अकराला इथे नागपुरातच बर्डीवर एका दुकानात नेला. त्यांनी लावला तर लगेच चार्ज व्हायला लागला. “आमच्याकडे तर होऊन राहिला,” म्हणाले, आणि तरीही ४,२०० रुपयांची नवी बॅटरी टाकून घ्या म्हणाले. मी परत आणला. आज दुपारी पुन्हा तेच. पैसे घालायला हरकत नाही, पण दुखणं काय आहे ते कळल्याशिवाय घालायचे नाहीत.

अजनी_लोको · रात्री ११:०५

कंपनीच्या अॅपमध्ये चार्जिंगची मर्यादा लागली आहे का पाहा. लेनोव्होत कॉन्झर्व्हेशन मोड असतो, आसूसमध्ये ८० टक्क्यांचा पर्याय असतो, डेलमध्ये बायोसमधूनही (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमधून) लावता येते. अपडेटनंतर कधीकधी आपोआप सुरू झालेली मी पाहिली आहे.

टीडीएसवाली · रात्री ११:२०

पाहिलं. मर्यादा नाही. असती तर रात्री १०० पर्यंत गेलाच नसता ना?

प्रतापनगर · २६ मे, सकाळी ८:१०

मला अडॅप्टरवर संशय आहे. काही कंपन्यांच्या गोल पिनच्या आत मधोमध एक सुईसारखी बारीक पिन असते. वीज तिच्यातून येत नाही. अडॅप्टर किती वॉटचा आहे हे लॅपटॉपला तिच्यावरून कळतं. ती वाकली किंवा तिची वायर आतून तुटली की लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो पण बॅटरी चार्ज करत नाही, वर हळूही होतो. सुरू करताना बायोसमध्ये जा, तिथे अडॅप्टरचे वॉट दाखवतात. ‘अननोन’ आलं तर वायर बदला, बॅटरी नको.

टीडीएसवाली · सकाळी ९:००

धन्यवाद, हे मला माहीतच नव्हतं. बायोसमध्ये ६५ वॉट स्पष्ट दाखवतं. वायर हलवून, वाकवूनही पाहिली, आकडा जात नाही.

ऑरेंजबॉय_९९ · सकाळी ९:३०

गरम होत असेल. १० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग चार्जिंगला लावा, माझा मित्र करतो.

सोल्डरवाला · दुपारी १२:१५

फ्रीजमध्ये ठेवू नका, ताई. हात जोडून सांगतो. या दिवसांत गार लॅपटॉप बाहेर काढला की थंड पाण्याच्या तांब्याला सुटतो तसा घाम आतल्या बोर्डाला सुटते, आणि तुम्ही वरून चार्जर लावणार. बॅटरी वाचवायला जाल आणि बोर्ड घालवाल.

मी २२ वर्षांपासून लॅपटॉपच उघडून राहिलो. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची ओळ तुम्हीच लिहिली आहे: दुपारी होत नाही, रात्री होतो. आणि दुसरी: दुकानात झाला. त्या दुकानात एसी होता ना? तुमचं काम वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली चालतं ना?

लिथियम-आयन बॅटरीला चार्ज घ्यायची तापमानाची हद्द असते, साधारण ० ते ४५ अंश. वापरायची हद्द मोठी, ६० पर्यंत. म्हणून दुपारी लाइन गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालला, पण त्याच्या आधी चार्ज घेत नव्हता. यात काही विचित्र नाही. आणि हे ४५ म्हणजे खोलीतलं नव्हे, बॅटरीच्या पॅकमधल्या सेलचं तापमान. पॅकच्या आत सेलला चिकटून मिऱ्याच्या दाण्याएवढा थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, असतो. तो तापल्याचं सांगतो आणि पॅकमधली चिप चार्जिंग थांबवते. तापलेल्या सेलमध्ये करंट रेटत राहिलं तर आतलं इलेक्ट्रोलाइट फुटतं, गॅस धरतो, पॅक फुगतो. तुमची बॅटरी तेच टाळून राहिली.

आता आपल्या इथला हिशेब करा. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते कडक नऊ दिवस, कालच लागला. स्लॅबखालची खोली दुपारी ४० च्या आसपास. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ७०-८० वर आणि बॅटरी त्याच्या शेजारी. गादीवर ठेवत असाल तर खालची जाळीही बंद. ४५ ओलांडायला आणखी काय पाहिजे?

थर्मिस्टर स्वतःही चुकू शकतो. २०२४ च्या मे अखेरीस आपल्याच नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, आठवत असेल. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. पण बॅटरीचा थर्मिस्टर बिघडला असता तर ती बहुतेक रात्रीही अडली असती, एसीतही अडली असती. तुमची तशी अडत नाही.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, तपासून घ्या. दोन दिवस वहीत वेळ, खोलीचं तापमान आणि टक्के लिहा. दुपारी अडकली की लॅपटॉप पूर्ण बंद करा, स्लीप नाही. थंड खोलीत पाऊण तास ठेवा आणि बंद असतानाच चार्जर लावून पाहा. कूलरच्या तोंडासमोर मात्र ठेवू नका. त्या हवेत आपल्या जड पाण्याचे बारीक थेंब असतात. दर जुलैत माझ्याकडे चार्जिंग जॅकच्या पायांवर हिरवट-पांढरा थर चढलेले बोर्ड येतात, सगळे कूलरसमोरचे. हवा खोलीत खेळली तरी पुरते.

कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, जागा सोडून स्लॅश आणि लागूनच बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. एक फाइल तयार होते, तिच्यातले डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता उरलेली) हे दोन आकडे इथे टाका.

आणि सगळ्यात आधी हे करा: लॅपटॉप सपाट फरशीवर ठेवून कोपरा दाबा. डुगडुगत असेल, टचपॅड वर उचलला असेल किंवा क्लिक होत नसेल तर बॅटरी फुगली आहे. मग चार्जिंगही करायचं नाही आणि घरी उघडायचाही नाही.

टीडीएसवाली · २८ मे, रात्री ९:५०

दादा, डुगडुगत नाही, टचपॅडही ठीक आहे. पहिला जीव तिथेच भांड्यात पडला. हो, वरचा मजला आहे, आणि मी पलंगावर बसूनच काम करते.

वहीतून उतरवते आहे. २७ तारीख: सकाळी ७ ला खोली ३२, बॅटरी ४१ वरून चार्ज सुरू, सव्वानऊला १००. दुपारी दीडला खोली ४०, बॅटरी ७१ वर अडकली. २ ला बंद केला आणि खाली जाऊबाईंच्या खोलीत लाकडी पाटावर ठेवला. तिथे कूलर आहे, खोली ३१. पावणेतीनला चार्जर लावला आणि चार्जिंगचा दिवा लागला! मी शेजारी बसून पाहत होते. आज पुन्हा तेच केलं, पुन्हा तसंच झालं.

रिपोर्टमध्ये डिझाइन कपॅसिटी ४२,००० आणि फुल चार्ज १९,३०० मिलीवॉट-तास आहे. हा दुसरा आकडा पाहून मात्र धसका बसला.

सोल्डरवाला · २८ मे, रात्री १०:३०

वही ठेवणाऱ्या माणसाचं निदान लवकर होते, ताई. दुपारचं अडकणं उष्णतेचंच आहे, यात आता मला शंका नाही.

पण दुसरा आकडाही खराच आहे. ४२ मधले १९ उरले, म्हणजे निम्म्याहून कमी. १९.३ चे ६३ टक्के म्हणजे साधारण १२ वॉट-तास. कामात लॅपटॉप २० वॉटच्या आसपास ओढत असेल तर पस्तीस-छत्तीस मिनिटं. लाइन गेली तेव्हा तुम्हाला तेवढीच मिळाली होती. हिशेबाच्या माणसाला मी काय सांगू, ताळा जुळला आहे. चार उन्हाळे स्लॅबखाली आणि सदैव १०० टक्क्यांवर. बॅटरीला गरमी आणि पूर्ण चार्ज एकत्र मिळाले की ती सगळ्यात लवकर म्हातारी होते.

म्हणून बॅटरी बदलायची आहे, पण ३१ नंतर. आणि एक गोष्ट नक्की लक्षात ठेवून बदलायची: त्याच खोलीत, त्याच पलंगावर, दुपारी दोनला नवीन बॅटरीही अशीच अडणार. दुकानदारानं हे तुम्हाला सांगितलंच नाही; त्याचं ऐकलं असतं तर ४,२०० देऊन तुम्ही त्याच जागी परत आला असता. याच गोष्टीचा मला फार राग येते. गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारायला असा किती वेळ लागते?

तोवर जड काम पहाटे करा. चारही कोपऱ्यांखाली बाटल्यांची झाकणं ठेवा, खालून हवा जाऊ द्या. नवी बॅटरी बसली की अजनीवाल्या भाऊंनी सांगितलेली ८० ची मर्यादा लावा, ती आता खरी कामाची आहे. जुनी बॅटरी कचरागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. गाडीत दाबली गेली तर पेट घेते.

प्रतापनगर · रात्री १०:४५

माझा अंदाज चुकला, पण झाकणांची युक्ती मीही करून पाहणार. माझाही दुपारी अडतो, मी अडॅप्टरला दोष देत बसलो होतो.

टीडीएसवाली · ३० मे, सकाळी १०:०५

शेवटचं रिटर्न साडेनऊला अपलोड झालं. तीन दिवस पहाटे साडेचारला उठून जाऊबाईंच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी बसले. त्यांनी न मागता चहा दिला आणि त्यांच्या शिलाई मशीनचं टेबल मला रिकामं करून दिलं. लाइन काल दोनदा गेली. दोन्ही वेळा बॅटरी ९० च्या वर होती, फाइल सेव्ह करून बंद करायला पुरली. वरच्या स्लॅबवर आज चुना मारायला माणूस आला आहे.

दादा, तुम्ही समोर असता तर तुमच्यासाठी डबा आणला असता.

टीडीएसवाली · ३ जून, दुपारी १:२०

एक शेवटचं विचारते. बॅटरी घ्यायला बर्डीवर दुसऱ्या दुकानात आले आहे. त्यांनी लॅपटॉप माझ्यासमोर उघडला. जुन्या पॅकवर ११.४ व्होल्ट छापलं आहे. त्यांच्याकडे आहे ती १५.२ ची, आणि म्हणतात जास्त व्होल्टची आहे, जास्त चालेल, थोडं ॲडजस्ट करून बसवून देतो. घेऊ का?

सोल्डरवाला · दुपारी १:२४

नाही. ११.४ म्हणजे तीन सेल ओळीत, १५.२ म्हणजे चार. वेगळा पॅक आहे तो. झाकण लावून घ्या आणि निघा. जुन्या पॅकवरचा पार्ट नंबर फोटो काढून इथे टाका, बरोबर कोणता मागायचा ते सांगतो.