पुंखानुपुंख बाण सोडता येतात का?

कंदीपेढा
एक घरगुती भांडण सोडवा कृपया. मुलगी दोन वर्षं धनुर्विद्येच्या वर्गाला जातेय, तिथल्या सरांनी नव्या पोरांसाठीचं एक इंग्रजी पत्रक माझ्या हातात दिलं, "ताई, तुम्ही मराठीच्या ना, एवढं करून द्या." केलं. त्यात एक वाक्य असं लिहिलं, 'पुंखानुपुंख बाण सोडण्याची घाई करू नये.' आमच्या जाऊबाई मुद्रितशोधन करतात, त्यांनी लाल गोल करून शेरा मारला, "पुंखानुपुंख म्हणजे अगदी बारीक तपशिलासकट. बाण तपशिलासकट कसे सोडणार?" आता घरात हा विनोद झालाय, चहा पण पुंखानुपुंख हवा का विचारतात.
दुसरं म्हणजे नॉकला मराठीत काय म्हणायचं? बाणाच्या मागच्या टोकाला ती प्लॅस्टिकची खोबण असते, दोरीवर टक् करून बसते. सर ती तपासतात ते बघण्यासारखं असतं. बाण दोरीत अडकवून खाली लोंबता ठेवतात आणि दोरीवर बोटाने टिचकी मारतात. टिचकीसरशी पडला तर बरोबर, चिकटून राहिला तर घट्ट, टिचकीआधीच पडला तर सैल. एवढं सगळं लिहिलं आणि नावापाशीच अडले.

आडकित्ता
जाऊबाईंना म्हणावं, शब्द बाणांचाच आहे, तपशील नंतर आला. पुंख म्हणजे बाणाचं मागलं टोक. एका बाणाच्या पुंखाला लागून दुसऱ्याचं पुंख, म्हणजे बाणामागून बाण, मध्ये फट नाही. त्यावरून एकही गोष्ट न सोडता सांगणं, आणि मग पुंखानुपुंख वर्णन, पुंखानुपुंख चौकशी वगैरे. मूळ मालकालाच घराबाहेर काढण्यातला प्रकार झाला हा.

बिनपाण्याचा_नळ
मी आजवर पंखानुपंख वाचत होतो. पक्ष्यांच्या थव्यासारखं काहीतरी असेल म्हणून सोडून द्यायचो. फोनपण पुंखचं पंख करतोय, आत्ता तीनदा झालं.

आजोळची_वही
आडकित्ता, ढोबळ बरोबर, पण पुंख म्हणजे केवळ टोक नाही. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात सिंह नंदिनी गायीवर झेप घेतो, राजा दिलीप भात्यातला बाण काढायला हात घालतो आणि बोटं बाणाच्या पुंखालाच चिकटून बसतात, चित्रातल्यासारखा स्तब्ध होतो तो. तिथे कालिदासाने त्या पुंखाला कंकपत्रं, म्हणजे कंक पक्ष्याची पिसं असल्याचं सांगितलंय. म्हणजे पुंख हा पिसांसकटचा मागचा सगळा भाग झाला. पत्रकात नॉकला पुंख लिहिलंत तर पोरं पिसं चिमटीत धरतील. चाळीस वर्षं संस्कृत शिकवलंय, पोरं काय करू शकतात ते मला माहितीये.

कंदीपेढा
काकू, पटलं. मग त्या खोबणीला काय?

तापीकाठ
खाच म्हणा ना सरळ. आमच्याकडे सातपुड्यात भिल्लांच्या धनुष्याला दोरीच नसते, म्हणजे सुताची नसते, बांबूचीच चीप काढून ताणलेली असते. लहानपणी एका आजोबांनी माझ्या हातात दिलं होतं, मला वितभरसुद्धा ओढता आलं नाही, ते हसून हसून खोकायला लागले. आणि ते अंगठा लावत नव्हते. दोन बोटांत धरायचे. विचारलं तर म्हणाले, एकलव्याने दिला ना, आता परत कशाला वापरायचा.

आजोळची_वही
काय सुंदर सांगितलंत. आदिपर्वात पण असंच आहे बरं का, अंगठा दिल्यावर एकलव्य नुसत्या बोटांनी दोरी ओढायला लागला, पण पहिल्यासारखा वेग राहिला नाही. पुंखानुपुंख गेलं त्याचं.

शुद्धमती
चर्चा छान. मात्र पत्रकात तिरंदाजी असं कुठे लिहिलं असेल तर काढा. तीर फारसी, अंदाज फारसी. आपल्याकडे धनुर्विद्या असताना उसनवारी कशाला? खाचेलाही संस्कृत शब्द शोधता येईल.

बिनपाण्याचा_नळ
मग गोलंदाज पण हाकला संघातून. तोफेचा गोळा डागायचा तो गोलंदाज, आता रन-अप घेऊन बॉल टाकतो, कुणाचं काही अडलं नाही.

आडकित्ता
शुद्धमतीताई, तुमचा 'शिस्त' हा आवडता शब्द घ्या. माझ्या मते तोही तिकडूनच आलाय. फारसीत शस्त म्हणजे अंगठा, तिरंदाज अंगठ्यात घालतात ती कडी, आणि त्यावरून नेम. हिंदीत अजून शिस्त बाँधना म्हणजे नेम धरणं. माझे कोकणातले आजोबा ठासणीची बंदूक घेऊन रानडुकराच्या मागे जायचे, ते 'शीस्त धर' म्हणायचे आणि त्यांच्या एकूण वागण्यात दुसरी कुठलीही शिस्त नव्हती.

शुद्धमती
शिस्त हा शब्द शिष्ट, अनुशिष्ट यांवरून आला आहे. शास् धातू. उगाच प्रत्येक चांगली गोष्ट इराणला देऊ नका.

आडकित्ता
शिष्टवरून मराठीत 'शिष्ट' आला की, नाक वर करून बसणारा. तो झाला ना तयार. आणखी किती पिकं काढणार एका धातूतून.

थेम्सकाठची_ठमी
त्या कडीवरून आठवलं, इथे लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये शहाजहानची जेडची अंगठी आहे, अंगठ्यात घालायची. मी ती दागिना समजून दोनदा पुढे गेले होते. तिसऱ्यांदा नवऱ्याने दाखवलं, एका बाजूला चोचीसारखी पुढे आलेली आहे, दोरी तिथे अडकवून ओढायची म्हणजे अंगठा सोलवटत नाही. तुर्क, मंगोल, मुघल सगळे अंगठ्याने ओढणारे. इंग्लिश लोक तीन बोटांनी, एक बाणाच्या वर दोन खाली. हल्ली ऑलिंपिकला पण तसंच असतं ना?

दहाचा_बाण
हो, रिकर्व्हला (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) तीन बोटंच, बोटांवर चामड्याचा तुकडा, म्हणजे टॅब, लावून. कंपाउंडला (टोकांना चाकं लावलेलं धनुष्य) बोट दोरीला लागतच नाही, हातात दोरी पकडणारा रिलीज असतो, त्याचा चाप दाबला की सुटतो. (चाप म्हणजे संस्कृतात धनुष्यच, त्यावर आता कुणी सुरू करू नका.)
मी शिकवतो म्हणून सांगतो, कंदीपेढाताई, तुमचं वाक्य पोरांना लागू पडत नाही. वैयक्तिक मॅचला आळीपाळीने मारतात आणि एका बाणाला २० सेकंद असतात, त्यात कसलं पुंखानुपुंख. पण खरंखुरं पुंखानुपुंख बघायचं तर निशाणावर बघा. एक बाण दहात बसलाय आणि दुसरा थेट त्याच्या नॉकमध्ये घुसला, मागून चिरत गेला, ह्याला आम्ही रॉबिनहूड म्हणतो. पोरं नाचतात, आईबाप बाणाची किंमत आठवून गप्प होतात. म्हणून चांगले खेळाडू सरावात एका निशाणावर सगळे बाण मारत नाहीत. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ ला बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये १५ बाणांत १५० पैकी १५० केले, समोरच्याचे १४९ होते. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी विश्वविजेती. हे दोघं कंपाउंडवाले, ५० मीटरवरून मारतात, आणि दहाचं वर्तुळ ८ सेंटीमीटरचं, चहाच्या बशीहून लहान.

आजोळची_वही
रॉबिनहूडऐवजी पुंखभेद म्हणा की.

दहाचा_बाण
काकू, मैदानात पोरगं ओरडतं तेव्हा तोंडात येईल असं पाहिजे. पुंखभेद म्हणेस्तोवर पंच येऊन गुण लिहून जातील.

शुद्धमती
गुण म्हणजेही धनुष्याची दोरी. हा तरी संस्कृत आहे, धन्यवाद.

कंदीपेढा
पत्रक उद्या सकाळी छापायला जातंय. 'नॉक (बाणाची खाच)' असं ठेवलंय, पुंखानुपुंख काढून 'धडाधड' केलं. जाऊबाईंना हा सगळा धागा वाचायला दिला, त्यांनी शिस्तचं 'शीस्त' झालंय तिथे लाल गोल केलाय.

आडकित्ता
आजोबा तसंच म्हणायचे.

तापीकाठ
ताई, पिसांना काय लिहिलंय पत्रकात? व्हेन की पीस?