रॉबर्ट हार्ट: चीनचा नोकर की सावकारांचा वसुली कारकून?

जुनं_बंदर (धागाकर्ता)

चीनमधल्या परकीयांचा विषय निघाला की आपली गाडी अफूच्या युद्धावरून सुटते ती थेट बॉक्सर बंडाला (१९०० चा परकीयांविरुद्धचा उठाव) जाऊन थांबते. मधल्या चाळीस वर्षांत पेकिंगच्या दरबाराने स्वतःहून किती गोरे लोक पगारावर ठेवले होते, हे कुणी बघतच नाही. त्यातला सगळ्यात वजनदार माणूस रॉबर्ट हार्ट, आयर्लंडमधल्या पोर्टाडाउनचा. १८६३ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो चीनच्या सागरी जकात खात्याचा प्रमुख झाला आणि १९११ मध्ये मरेपर्यंत निदान कागदोपत्री त्या खुर्चीवर होता.

खातं चीन सरकारचं, वरचे अधिकारी मात्र सगळे परदेशी. हार्टने १८६४ मध्येच परिपत्रक काढून हाताखालच्या साहेबांना बजावलं होतं की आपण चीन सरकारचे पगारी नोकर आहोत, चिनी लोकांशी तसंच वागा. शिवाय त्याचं खातं फक्त जकातीची आकारणी करून हिशेब ठेवायचं. व्यापारी पैसे भरायचे ते चिनी अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या बँकेत. हार्टच्या हिशेबामुळे वाटेत मुरणारा पैसा दरबाराला दिसू लागला, हे काय थोडं झालं?

जहाजांवरच्या टनेज करातून किनाऱ्यावर दीपगृहं उभी राहिली, पेकिंगमधली परकीय भाषांची सरकारी शाळा चालली. १८९६ मध्ये शाही टपाल खातं निघालं तेही हार्टच्याच हाताखाली. माझं सरळ म्हणणं आहे की असे लोक नसते तर चीनचं आधुनिकीकरण आणखी एक पिढी रखडलं असतं. हाणा आता.

खडूस_मास्तर

हाणतोच. आयातीवर साधारण पाच टक्के जकात, हा दर ठरवला कुणी? तहांनी, तोफा रोखून. स्वतःच्या बंदरातली जकात वाढवायची मुभा चीनला थेट १९२९ मध्ये मिळाली. दर मालकाने ठरवायचा नाही, नोकराने मात्र चोख आकारायचा. याला तुम्ही नोकरी म्हणता?

अफूचंच बघा. १८५८ मध्ये ती अधिकृत झाली, आणि १८८७ पासून हार्टचं खातं पेटीमागे ११० टेल (चांदी मोजायचं चिनी वजन) घेऊ लागलं. त्यातली माळव्याची अफू आपल्या मुंबईहून गेलेली. म्हणजे विष आणणारेही साहेब आणि त्याची नीट नोंद ठेवणारेही साहेब. त्या नोंदवहीचं कौतुक मला तरी होत नाही.

आणि १८६३ ते १९११, या अठ्ठेचाळीस वर्षांत एकही चिनी माणूस कमिशनरच्या, म्हणजे एखाद्या बंदरातल्या जकातीच्या प्रमुखाच्या, जागेपर्यंत पोहोचला नाही. शिकवायलाच आले होते ना? मग शिष्य कुठाय?

बाराबंदी

हार्टच्या आधीच्या साहेबाला विसरू नका. होरेशियो ले. चीनच्या पैशाने इंग्लंडहून आरमार आणलं आणि म्हणे कप्तान ऑसबर्न फक्त बादशहाचेच हुकूम घेणार, तेही माझ्यामार्फत आले तर! दरबाराने १८६३ मध्ये सगळा बाजारच परत पाठवला. काही जहाजं विकायला मुंबईला आली होती. 😄

जुनं_बंदर

बाराबंदी, हे तर माझ्याच बाजूचं झालं की! लेला हाकललं आणि हार्टला ठेवलं, म्हणजे निवड दरबाराची होती.

मीनल_क

तुम्ही दोघं हार्टवरच अडून बसलात. मी जरा लोखंडाकडे वळते, कारण तिथे साहेब चांगला की वाईट हा प्रश्नच बाजूला पडतो.

झांग झिडोंग या मोठ्या प्रांताधिकाऱ्याने हानयांगचा पोलाद कारखाना काढला. यंत्रं इंग्लंडहून मागवली. कारखानदारांनी आधी तुमचं खनिज नि कोळसा तपासायला पाठवा म्हटलं, तर चीन एवढा मोठा आहे, सगळं मिळेल, असं उत्तर गेलं अशी गोष्ट सांगतात. गोष्ट बाजूला ठेवा. जे झालं ते असं. भट्ट्या आल्या बेसेमर पद्धतीच्या (वितळलेल्या लोखंडात हवा फुंकून पोलाद करणाऱ्या), आणि दाये खाणीच्या खनिजात फॉस्फरस होता. त्या भट्टीच्या आम्लधर्मी अस्तराला फॉस्फरस काढता येत नाही. पोलाद ठिसूळ निघालं, रूळ कुणी घेईना. १८९४ मध्ये भट्टी पेटली आणि खरं दुखणं कळायला १९०४ उजाडलं. ते शोधलं ली वेइग या चिनी माणसाने, पण खनिजाचे नमुने इंग्लंडला नेऊन, तिथल्या रसायनतज्ज्ञाकडून तपासून घेऊन.

तंत्र विकत मिळतं, तंत्रज्ञही पगारावर मिळतात. पण काय विचारायचं हे कळणारा माणूस घरात लागतो. तो नसेल तर हार्ट काय नि ले काय.

पण खडूस_मास्तर, परकीयांकडून काहीच मिळालं नाही हेही पटत नाही. मार्टिन या अमेरिकन मिशनऱ्याने आंतरराष्ट्रीय कायद्याचा ग्रंथ चिनीत आणला. १८६४ मध्ये डेन्मार्कशी लढणाऱ्या प्रशियाने (जर्मन राज्य) चीनच्या किनाऱ्यावर दागूजवळ डेन्मार्कची जहाजं पकडली, तेव्हा दरबाराने त्याच भाषांतराच्या आधारावर हे आमचं पाणी आहे असं ठणकावलं. जहाजं सुटली, वर भरपाई मिळाली. हे हत्यार परकीयांनीच हातात दिलं होतं.

रूळबदल

शिष्य कुठाय विचारता? झान तियानयू. अमेरिकेला पाठवलेल्या १२० मुलांपैकी एक, येलमध्ये शिकला. १९०५ ते १९०९ मध्ये त्याने पेकिंग ते झांगजियाकोऊ, सुमारे दोनशे किलोमीटरची लाईन परदेशी इंजिनीअरशिवाय बांधली. डोंगर चढवायला झिगझॅग काढला, बादालिंगला किलोमीटरभराचा बोगदा पाडला.

आता गंमत. तो रेल्वेचं काम शिकला क्लॉड किंडर या इंग्रजाच्या हाताखाली. नव्या लाईनचा पैसा आला किंडरच्याच रेल्वेच्या नफ्यातून. आणि हे काम चिनी माणसाला मिळालं कसं? इंग्रज आणि रशियनांचं आपसात जमेना म्हणून! तेव्हा निखळ चिनी काय आणि निखळ परकीय काय, कात्री चालवून बघा कुठे चालते ते.

खडूस_मास्तर

झान हार्टच्या खात्यातून आला नाही, दरबाराच्याच शिष्यवृत्तीतून आला. ती योजनाही येलला शिकून आलेल्या रोंग होंग या चिनी माणसाच्या डोक्यातली.

बाकी मुद्दा पैशाचा. १८९५ मध्ये जपानकडून हरल्यानंतर चीनने काढलेली कर्जं जकातीवर तारण. १९०१ ची, बॉक्सर बंडाबद्दल परकीय सत्तांना द्यायची भरपाई ४५ कोटी टेल, ३९ वर्षांत फेडायची, त्यालाही जकात तारण. तुमचं ते दरबाराचं वाढीव उत्पन्न गेलं कुठे, ते बघा. हिशेब चोख होता म्हणूनच लंडन-पॅरिसच्या बँका इतक्या निर्धास्तपणे कर्ज देत होत्या.

आणि ‘पैसा चिनी बँकेत’ हे फार ताणू नका. हार्ट सप्टेंबर १९११ मध्ये गेला, बादशाही उलथवणारी क्रांती ऑक्टोबरमध्ये झाली. काही आठवड्यांतच त्याच्या जागी आलेल्या एग्लनने जकातीचा पैसा हाँगकाँग अँड शांघाय बँकेसारख्या परदेशी बँकांकडे वळवायला सुरुवात केली. एवढ्या झटपट कसं जमलं? यंत्रणा तयारच होती.

जुनं_बंदर

एग्लनचं पाप हार्टच्या माथी? देश पेटलेला, प्रांत फुटून निघालेले. तो पैसा बंदराबंदरांतल्या सेनापतींच्या हाती पडला असता तर हप्ते थकले असते, आणि हप्ते थकले की गनबोटी आल्याच असत्या.

खडूस_मास्तर

गनबोटी कुणाच्या होत्या, तेही लिहा की.