चर्चा: मेल ब्राउजरमध्येच वाचायचे की कॉम्प्युटरवर वेगळा प्रोग्राम टाकायचा?

जुनापोस्टमन (धागाकर्ता)

परवा भाचीच्या लॅपटॉपवर थंडरबर्ड टाकून देत होतो तर ती म्हणाली, मामा, घरात नळ असताना विहीर कशाला खणताय, मेल तर ब्राउजरमध्ये दिसतातच की. तेव्हा हसलो पण डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याची दोनापेक्षा जास्त मेल खाती आहेत किंवा ज्याची कामाची जुनी पत्रं मेलमध्ये पडलीयत त्याने कॉम्प्युटरवर एक मेल प्रोग्राम टाकावाच. थंडरबर्ड टाका (२००४ मध्ये १.० आलं, फुकट आहे, अजून जिवंत आहे), आउटलुक टाका, मॅकवाल्यांना ॲपल मेल आयताच मिळतो. कुठला ते दुय्यम. पत्रांची एक प्रत आपल्या डिस्कवर पाहिजे एवढंच.

मागे माझं एक खातं "संशयास्पद हालचाल" म्हणत सेवावाल्यांनी अकरा दिवस बंद ठेवलं. कुठली हालचाल ते आजतागायत सांगितलं नाही. ब्राउजरमधून एक ओळ दिसत नव्हती पण माझ्या प्रोग्राममध्ये जुनं सगळं उघडत होतं, अटॅचमेंटसकट. नळ कोरडा पडला तेव्हा विहीरच कामी आली ना!

आणि सेटिंग अवघड असतं ही समजूत जुनी झाली. नाव, मेलचा पत्ता, पासवर्ड, पुढे. मोठ्या सेवांच्या सर्व्हरची नावं तो स्वतःच शोधून आणतो. आयमॅप की पॉप (सर्व्हरवरून पत्रं आणायच्या दोन पद्धती) विचारलं तर आयमॅप म्हणायचं. झालं.

कशालाउगाच

"झालं" म्हणे! अहो पोस्टमन, त्या "झालं"च्या पुढेच तर रामायण सुरू होतं.

आमच्या बाबांना असाच एका उत्साही नातेवाईकाने प्रोग्राम टाकून दिला होता. पासवर्ड बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी आपलं "पासवर्ड चुकीचा". बाबांनी सहा वेळा टाकला, मग खातंच लॉक. ही काही एकट्या बाबांची गोष्ट नाही, गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांना नुसत्या नाव-पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्राममधून आत येणं बंद केलंय. आता एकतर ब्राउजरची खिडकी उघडून लॉगिन करून परवानगी द्या, नाहीतर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढा. हे साठीच्या माणसाला फोनवरून समजावून बघा एकदा, मग सांगा झालं म्हणून.

ब्राउजरमध्ये यातलं काही नाही. लॅपटॉप बदलला, फोन बदलला, लॉगिन केलं की सगळं समोर. शोधायला टाकलं की सेकंदात मिळतं. मला खरंच कळत नाही २००५ मध्ये परत कशाला जायचं.

शेंगदाणेवाली

इथे रुमाल टाकून ठेवते. हा वाद आमच्या घरात दर दिवाळी-उन्हाळ्याला होतो, नवरा आणि दीर.

सर्व्हरमुनी

दोघांचंही अर्धं बरोबर आहे, आणि पोस्टमन, तुमचं चुकीचं अर्धं जास्त धोक्याचं आहे म्हणून आधी तुम्ही.

आयमॅपने आलेली प्रत म्हणजे बॅकअप नाही. आयमॅपमध्ये खरी पत्रं सर्व्हरवर, तुमच्या डिस्कवर त्यांचं प्रतिबिंब. फोनवरून चुकून दोनशे मेल उडवले की लॅपटॉप पुढच्या वेळी जोडला गेल्यावर तिथूनही उडणार. कुणी तुमचं खातं बळकावून इनबॉक्स साफ केला तर तुमची "विहीर" पण साफ. अकरा दिवस तुम्ही वाचलात ते सर्व्हरने तुमच्या प्रोग्रामला आतच घेतलं नाही म्हणून. इनबॉक्स रिकामा झाल्यावर आत घेतलं असतं तर त्याने इमानदारीत रिकामा डबाच आणून दिला असता.

पॉप उलटं चालतं. ती पद्धत १९८४ ची, माणूस कधीमधी लाइन जोडणार, डबा उचलून घरी नेणार, असा तेव्हाचा हिशोब. आयमॅप १९८६ मध्ये आलं ते पत्रं सर्व्हरवरच ठेवून अनेक ठिकाणांहून बघता यावीत म्हणूनच. आज माणसाकडे फोन, लॅपटॉप, ऑफिसचा पीसी असतो म्हणून आयमॅपच घ्या हा सल्ला बरोबरच आहे, फक्त त्याला साठवण म्हणू नका.

खरी प्रत हवी असेल तर थंडरबर्डमध्ये डावीकडे खाली "लोकल फोल्डर्स" असतं, तिथे वर्षाचं एक फोल्डर करा आणि मेल त्यात कॉपी करा. कॉपी, मूव्ह नाही, मूव्ह केलं की सर्व्हरवरून जातात. फिल्टर लावून हे आपोआप पण होतं. आणि महिन्यातून एकदा प्रोग्राम बंद करून त्याचं अख्खं प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा, त्यात खाती, पत्ते, फिल्टर, मेल सगळं असतं.

आता कशालाउगाच. परवानगीची खिडकी कटकटीची आहे मान्य, पण त्या पद्धतीत तुमचा पासवर्ड प्रोग्रामकडे जातच नाही, त्याला फक्त एक टोकन (आत यायचा परवाना) मिळतं जे तुम्ही खात्याच्या सेटिंगमधून केव्हाही रद्द करू शकता. म्हणजे कटकट तुमच्याच भल्याची आहे.

जुनापोस्टमन

मुनीवर, लोकल फोल्डरचं मी लिहायला हवं होतं, चूक कबूल. मी स्वतः ते करतो म्हणून लक्षातच आलं नाही की बाकीच्यांना माहीत नसेल. पण तेवढ्याने माझा मुद्दा पडत नाही, उलट ब्राउजरवाल्यांकडे तर कॉपी करायला जागाच नाही.

कशालाउगाच

जागा नाही कशी? गूगलच्या टेकआउटमधून अख्खा मेलबॉक्स एका फाइलमध्ये उतरवता येतो. वर्षातून दोनदा उतरवा आणि ठेवून द्या.

जुनापोस्टमन

आणि ती एमबॉक्स फाइल उघडायला काय वापरणार? मेल प्रोग्रामच ना? 🙂

कशालाउगाच

...बरं, तो एक गुण तुम्हाला.

पण आता माझी गोष्ट ऐका, म्हणजे मी का चिडतो ते कळेल. कॉलेज संपल्यावर मी पण हौसेने मेल प्रोग्राम टाकला होता, पॉपवर. पहिल्याच दिवशी चार वर्षांचे मेल धडाधड लॅपटॉपवर आले, काय आनंद! "सर्व्हरवर प्रत ठेवा" नावाची एक खूण असते ती कुणी वाचली. सात महिन्यांनी हार्ड डिस्क गेली. ब्राउजरमध्ये जाऊन बघतो तर इनबॉक्समध्ये गेल्या दोन दिवसांचे मेल. पहिल्या नोकरीचं पत्र, मित्रांची पत्रं, आजोबांनी कुणाकडून तरी टाइप करून घेऊन पाठवलेला एकमेव मेल, सगळं गेलं. तुम्ही खणा विहिरी, मी नळावर खूश आहे.

शेंगदाणेवाली

आजोबांच्या मेलचं वाचून खरंच वाईट वाटलं.

तीनखाती

धागा भावुक झालाय तर मी थोडं रुक्ष लिहिते. माझं घरचं एक, कामाचं एक आणि सोसायटीच्या सेक्रेटरीपदाचं एक (हे पद कुणी घेऊ नये, अवांतर). ब्राउजरमध्ये तीन टॅब, तीन लॉगिन, आणि एकदा सोसायटीचं उत्तर घरच्या खात्यातून गेलं. आता तिन्ही इनबॉक्स एकाखाली एक दिसतात, उत्तर ज्या खात्यावर मेल आला त्याच खात्यातून जातं, सोसायटीचे मेल फिल्टर आपोआप वेगळ्या फोल्डरात टाकतो आणि मी ते फोल्डर फक्त रविवारी उघडते. माझ्यासाठी वाद इथेच संपला, बॅकअप वगैरे नंतरची गोष्ट.

अजून एक, जे मला फार आवडतं. बाहेरून येणारी चित्रं थंडरबर्ड आपण सांगेपर्यंत दाखवत नाही. जाहिरातीच्या मेलमध्ये एक बारीकसं न दिसणारं चित्र असतं, ते उघडलं गेलं की पाठवणाऱ्याला कळतं तुम्ही मेल वाचला. ते बंद.

कशालाउगाच

चित्रं न दाखवण्याचं सेटिंग जीमेलमध्ये पण आहे हो ताई, कुणी बघत नाही एवढंच. शिवाय तिथे चित्रं २०१३ पासून गूगलच्या सर्व्हरमधून येतात त्यामुळे तुमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) पाठवणाऱ्याला दिसत नाही.

तीनखाती

आयपी दिसत नाही, पण मेल उघडल्याचं कळू शकतंच. आणि सेटिंग आहे पण कुणी बघत नाही हाच तर फरक, मला इथे बघावं लागलंच नाही.

सर्व्हरमुनी

धाग्यात वरती "कुठला प्रोग्राम ते दुय्यम" असं आलंय ते राहून गेलं होतं. दुय्यम नाही.

विंडोजबरोबर येणारा साधा मेल प्रोग्राम मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केला आणि लोकांना नव्या आउटलुककडे वळवलं. या नव्या आउटलुकमध्ये तुम्ही दुसऱ्या कंपनीचं खातं जोडलं तर त्यातले मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये पण सिंक होतात, तो तसं विचारतो पण, आणि आपण वाचायच्या आधीच "पुढे" दाबतो. म्हणजे प्रत आपल्या डिस्कवर पाहिजे म्हणून गेलात आणि प्रत तिसऱ्याच घरी गेली. जुनं क्लासिक आउटलुक असं करत नाही, थंडरबर्ड पण नाही. चांगलं-वाईट तुम्ही ठरवा, माहीत असू द्या.

कशालाउगाच

हे भारी आहे. आणि लॅपटॉप चोरीला गेला तर? ब्राउजरवाला दुसऱ्या मशीनवरून सगळीकडून लॉगआउट करून मोकळा. तुमची विहीर चोराच्या घरी!

सर्व्हरमुनी

बरोबर प्रश्न, आणि यावर प्रोग्रामवाले सहसा गप्प बसतात. थंडरबर्ड मेल डिस्कवर साध्याच फाइलमध्ये ठेवतो, नोटपॅडमध्ये उघडली तरी बराचसा मजकूर वाचता येतो. प्रायमरी पासवर्ड (साठवलेल्या पासवर्डांवरचं कुलूप) लावला नसेल तर साठवलेले पासवर्डही सेटिंगमध्ये जाऊन दिसतात. लावला तरी तो फक्त पासवर्ड झाकतो, मेल नाही. म्हणून अख्खी डिस्कच एन्क्रिप्ट केलेली (पासवर्डशिवाय वाचता न येणारी) हवी. ते नसेल आणि लॅपटॉप घेऊन फिरत असाल तर या एका बाबतीत कशालाउगाच यांच्याच बाजूने मी.

जुनापोस्टमन

डिस्क एन्क्रिप्ट आहे माझी. भाचीची नाही. उद्या करतो, कुणाला सांगू नका.

नवीनचआले

मोठ्यांच्या भांडणात तोंड घालते त्याबद्दल सॉरी पण धागा वाचून मी थंडरबर्ड टाकलाय आणि अडकलेय. पत्ता टाकला, आयमॅप निवडलं, लॉगिनची खिडकी उघडते, मी लॉगिन करते, ती बंद होते आणि परत उघडते. चार वेळा झालं. कामाच्या दुसऱ्या खात्यात वेगळाच प्रकार, मेल येतायत पण जात नाहीत.

कशालाउगाच

आलं का रामायण! 😄

सर्व्हरमुनी

नवीन, आधी पहिलं. थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी खाली कुकीज बंद केल्या आहेस का? लॉगिनची ती खिडकी म्हणजे छोटा ब्राउजरच असतो, कुकी नसेल तर तू लॉगिन केलंस हे तिच्या लक्षातच राहत नाही.

दुसरं. येणाऱ्या मेलचा सर्व्हर वेगळा, जाणाऱ्याचा वेगळा, आणि ओळख दोन्हीकडे पटवावी लागते. खात्याच्या सेटिंगमध्ये तळाला आउटगोइंग सर्व्हर असतो, तिथे पोर्ट ५८७ असेल तर सुरक्षेत स्टार्टटीएलएस, ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस. २५ लिहिलेलं असेल तर बदल, ते सर्व्हरांचं आपसातलं दार आहे, घरच्या जोडणीवरून बऱ्याचदा अडवलेलं असतं. आणि यूजरनेममध्ये अख्खा पत्ता टाक, नुसतं नाव नको.

जुनापोस्टमन

आणि जीमेल असेल तर जीमेलच्याच सेटिंगमध्ये लेबल्सच्या पानावर "ऑल मेल"समोर "शो इन आयमॅप"ची खूण काढ. नाहीतर प्रत्येक मेल दोनदा उतरतो, एकदा इनबॉक्स म्हणून आणि एकदा ऑल मेल म्हणून. मी खूण न काढता पहिल्यांदा जोडलं होतं आणि डिस्क भरत चालली तरी कळेना काय होतंय.

सर्व्हरमुनी

हो, आणि जीमेल आयमॅपवरून दिवसाला साधारण २५०० एमबीच उतरवू देतं. खातं १०-१२ जीबीचं असेल तर मधेच थांबलं म्हणून घाबरायचं नाही, चार-पाच दिवस चालू राहू दे.

कशालाउगाच

चार-पाच दिवस!! मी ब्राउजर उघडून, मेल वाचून, जेवून झोपलो पण असतो.

तीनखाती

आणि मग कुठल्या खात्यातून उत्तर दिलं असतं? 😛

नवीनचआले

झालं!! कुकीज मीच बंद केल्या होत्या, सुरक्षित राहायचं म्हणून. आणि दुसरीकडे २५ च होतं, ५८७ केलं, पहिला मेल स्वतःलाच पाठवला आणि आला. खूप थँक्यू सगळ्यांना.

फक्त एक शंका. इनबॉक्ससमोर ठळक अक्षरात ६२३१ आकडा आलाय. हे काय आहे?

सर्व्हरमुनी

न वाचलेले मेल.

नवीनचआले

ब्राउजरमध्ये हे नव्हते ना?

कशालाउगाच

होते. फक्त मी पण तिकडे बघत नाही.