रोजच्या नोंदी साध्या मजकूर-फायलींत ठेवून त्यांतूनच स्वतःची छोटी अनुदिनी (ब्लॉग) बनवावी काय?

धागाकर्ता (वरूड तालुका)
संत्र्याच्या बागेत रोज काहीतरी नोंदवण्यासारखे घडते: ताण (बहारासाठी बंद ठेवलेले पाणी) केव्हा तोडला, अंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची) फूट कशी आली, फळगळ कोणत्या ओळीत अधिक आहे. अशा दोन-चार ओळी आपण समाजमाध्यमांवर टाकतो आणि पुढल्या हंगामात शोधू गेल्यास त्या सापडत नाहीत. ऑर्कुट २०१४ मध्ये आणि गूगल प्लस २०१९ मध्ये बंद झाले, तेव्हा ज्यांनी मुदतीत प्रत उतरवून घेतली नाही त्यांचे लेखन गेलेच. म्हणून माझे मत असे की प्रत्येक नोंद ही एक साधी मजकूर-फाइल असावी, तारीख हेच तिचे नाव असावे, आणि पायथन या संगणकभाषेतल्या एका लहानशा स्क्रिप्टने (आज्ञावलीने) त्या सर्व फायली वाचून, ताजी नोंद वर येईल अशा क्रमाने लावून, ब्राउझरमध्ये उघडणारे एकच एचटीएमएल पान तयार करावे. जेकिल किंवा ह्यूगो ही तयार साधने हेच काम करतात. परंतु दोन ओळींच्या नोंदींसाठी त्यांचा पसारा मला अनावश्यक वाटतो.

प्रतिसाद (दारव्हा तालुका)
भाऊ, मी सहमत नाही. गावातला वाचक व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. तुमच्या पानाचा पत्ता लक्षात ठेवून तो तिकडे येणार नाही. शिवाय डिंक्या किंवा कोळशी अशा झाडाच्या रोगाची नोंद छायाचित्राशिवाय कोणाच्या उपयोगाची? आणि ज्या सर्व्हरवर ते पान ठेवणार तोही परक्याचाच असतो, डोमेनचे (पानाच्या पत्त्याच्या नावाचे) पैसे एका वर्षी भरायचे राहिले की पान गेले. मग ऑर्कुटचा दाखला कशासाठी?

धागाकर्ता
पान गेले तरी फायली माझ्याजवळ राहतात आणि त्याच स्क्रिप्टने ते दुसरीकडे पुन्हा उभे करता येते. ऑर्कुटच्या बाबतीत मूळ प्रतच त्यांच्याकडे होती, हा फरक मला निर्णायक वाटतो. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे तीनशे चिन्हांची नोंद एक किलोबाइटच्या आत बसते. दहा वर्षे रोज लिहिले तरी सारा मजकूर मोबाइलच्या एखाद्या मोठ्या फोटोएवढाच होईल. छायाचित्राला नोंदीचेच नाव द्यावे, म्हणजे स्क्रिप्ट ते खाली जोडील. मात्र आधी ते लहान करून घ्यावे. वाचकांविषयीचा आक्षेप मला मान्य आहे. पण मुळात ही वही माझ्यासाठी आहे.

प्रतिसाद (शिक्षिका, आर्वी तालुका)
कल्पना मला पटली, परंतु मराठी लिहिणाऱ्याने दोन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. फाइलच्या नावात काही तारखा देवनागरी अंकांत आणि काही इंग्रजी अंकांत पडल्या तर क्रम बिघडतो, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरी अंक इंग्रजी अंकांच्या बरेच पुढे येतात, आणि मग जुनी नोंद नव्या नोंदीच्या डोक्यावर जाऊन बसते. नावात इंग्रजी अंकच ठेवावेत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. पानावर दाखवताना स्क्रिप्टने ते देवनागरीत बदलावेत. दुसरे असे की पानाच्या शीर्षभागात यूटीएफ-८ चा उल्लेख असावा, नाहीतर एखाद्या ब्राउझरमध्ये मराठीऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय कामाचाच नाही.

प्रतिसाद (मोर्शी तालुका)
माझा विरोध निराळ्याच कारणासाठी आहे. आपल्याकडे बागेचा सौदा पुष्कळदा झाडावरच होतो. फळगळ किती, पाणी कुठवर पुरेल, हे सारे व्यापाऱ्याने आधीच वाचले तर भाव कोण ठरवील? खासगी नोंदीवर खूण करून ती वगळण्याची सोय करता येईल, हे मला ठाऊक आहे. परंतु खूण करायची एकदा विसरलात की सगळे चव्हाट्यावर.

धागाकर्ता
हा आक्षेप आतापर्यंतच्या सर्वांत वजनदार आहे. त्यावर माझ्या मते उपाय असा की नियम उलटा ठेवावा: सर्व नोंदी मूलतः खासगी, आणि जी फाइल मी हाताने ‘जाहीर’ या फोल्डरमध्ये हलवीन तेवढीच स्क्रिप्टने वाचावी. विसरलो तर नोंद पानावर येणार नाही, इतकेच.

प्रतिसाद (मोर्शी तालुका)
तेवढे केल्यास माझी हरकत अर्धी उरते. सौदा होईपर्यंत बागेविषयीची एकही फाइल त्या फोल्डरमध्ये जाऊ नये, हे बंधन स्क्रिप्ट पाळू शकत नाही. ते तुम्हालाच पाळावे लागेल.